परीक्षेचे हात

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझ्यासारखे हात नव्हते. हे मी म्हणत नाही. सांगलीच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर नारायणराव म्हणायचे, आणि तेही मुंबईहून आलेल्या परीक्षकांच्या देखत म्हणायचे. दोन्ही पंजे करंगळीच्या बाजूला कललेले, वाऱ्यानं लोळवलेल्या उसासारखे. उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरात मागं वाकून शेंड्याला पुन्हा पुढं झुकलेली. त्याला डॉक्टर लोक हंसाची मान म्हणतात. मनगटं सुजलेली. कोपरांच्या खाली चिंचोक्याएवढ्या गाठी. आमवाताच्या एवढ्या खुणा एकाच माणसात क्वचित सापडतात म्हणे. एखाद्याला मान असते तर गाठी नसतात, गाठी असतात तर मनगट साधं निघतं. माझ्यात काही उणं नव्हतं.

त्यामुळं सासष्ट सालापासून वर्षातून दोनदा मला इस्पितळाचं कार्ड यायचं. आमचं गाव रहिमतपूरपासून कोसभर. पोस्टमन कार्ड घेऊन आला की गावभर व्हायचं, सयाजीला परीक्षेला बोलावलंय. परीक्षा माझी नसायची, डॉक्टर होणाऱ्या पोरांची असायची. पण गावात एवढा फरक कोण करतो. माझी बायको राहीबाई धुतलेलं धोतर नेसवून द्यायची, कारण मला स्वतःला निऱ्या घालता येत नव्हत्या. मग मी रहिमतपूरला पॅसेंजर धरायचो.

पोरं एकेक करून माझ्या खाटेशी यायची, अर्धा तास विचारायची, दाबायची, मग परीक्षक येऊन त्यांना विचारायचे, या माणसाला काय झालंय. मला नियम एकच होता, रोगाचं नाव सांगायचं नाही. तो मी पाळला. पण एखादं पोरगं घामाघूम झालेलं असायचं आणि त्याला कोपराखालची गाठ काही केल्या सापडत नसायची, तेव्हा मी कोपर खाजवायचो. खाजवू नये असा नियम नव्हता. सोलापूर, बेळगाव, गोवा अशा ठिकाणी आज निदान दहा डॉक्टर असे असतील की जे माझ्या खाजेवर पास झाले.

एवढ्या वर्षांत शंभर-दीडशे डॉक्टरांनी माझे हात पाहिले. ते बरे करावेत असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. दुखलं की अ‍ॅस्पिरिनची गोळी होती. शेत थोरला मुलगा बघत होता. हात बरे झाले असते तर कार्ड आलं नसतं.

चारुशीलाबाई पहिल्यांदा आल्या त्या अशाच, परीक्षेला. सांगलीतल्याच, बारीक चणीच्या, चष्मा लावणाऱ्या. मी सवयीनं कोपर खाजवलं, तर म्हणाल्या, "बाबा, तिथं मी येणार आहे. जरा थांबा." मग बाकी कुणी कधी न विचारलेलं विचारायला लागल्या. सकाळी उठल्यावर बोटं किती वाजता उघडतात. गडू उचलता येतो का. धोतर कोण नेसवतं, आणि नेसवणारी आजारी पडली तर काय करता. मी सांगितलं, तर मग दिवसभर अंथरुणात बसतो. त्यांनी ते लिहून घेतलं. परीक्षक आल्यावर त्यांनी खुणांच्या आधी गडूचं सांगायला सुरुवात केली, तेव्हा परीक्षक म्हणाले की गडू राहू द्या, हात सांगा.

तीन वर्षांनी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, त्या नारायणरावांच्या हाताखाली डॉक्टर म्हणून लागल्या होत्या. मी एप्रिलच्या परीक्षेला गेलो, तर माझे जुने कागद काढून बसलेल्या. त्यांनी नारायणरावांना विचारलं, या माणसाला कुणीच औषध का दिलं नाही. नारायणराव जरा घुटमळले. माणूस वाईट नव्हता तो. चांगली बैलजोडी दुसऱ्याला नांगराला देताना धनी घुटमळतो तसं ते घुटमळणं होतं. शेवटी म्हणाले, एवढी परीक्षा होऊ दे, मग काय करायचं ते करा.

परीक्षा झाली आणि मला सोन्याची सुई सुरू झाली.

हे औषध खरंच सोन्याचं असतं. सोन्याचा क्षार असतो, तो ढुंगणावर टोचतात. दर मंगळवारी आधी लघवी तपासायची, ती स्वच्छ निघाली तर सुई, नाही तर परत. मी घरी जाऊन राहीबाईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तीस वर्सं झाली, माज्या गळ्यात चार मनी वाडलं न्हाईत, आन ह्यांच्या ढुंगनात सोनं." गावात दादासो म्हणून माझा सोबती होता, खिलार बैल पाळायचा. तो म्हणाला, "बरं झालं गड्या. तू मेल्यावर तोंडात सोनं घालायची कुनाला आठवन ऱ्हायली न्हाई तरी चालंल."

पहिले तीन महिने काही झालं नाही. चारुशीलाबाई दर खेपेला मोजायच्या. रक्तदाब बघायची रबरी पट्टी गुंडाळून माझ्या मुठीत द्यायच्या आणि दाबायला लावायच्या; पारा किती चढला ते लिहायच्या. सोनाराकडून अंगठ्यांच्या मापाचा जुडगा आणला होता, तो माझ्या पेरांवरून चढवून बघायच्या. चौथ्या महिन्यात पारा चढायला लागला. एरवी नऊ वाजेपर्यंत न उघडणारी बोटं राहीबाईचा चहा उकळेपर्यंत उघडायला लागली. दसऱ्याच्या दिवशी मी धोतराच्या निऱ्या स्वतः घातल्या. वाकड्यातिकड्या झाल्या, पण घातल्या. पंजे कललेले ते कललेलेच राहणार होते, पण सूज गेली, उजव्या हाताची ती दोन बोटं सरळ व्हायला लागली, आणि कोपराच्या गाठी बोरांच्या बियांएवढ्या झाल्या.  राहीबाई माझं धोतर खुंटीवर खालच्या अंगाला अडकवायला लागली, माझा हात पोचेल तिथं.

त्याच दिवाळीत ती जागा निघाली.

जागा म्हणजे काय ते चारुशीलाबाईंनी मला सुई देता देता सांगितलं होतं. दिल्लीहून पैसा आला होता. सांध्यांच्या रोगांवर संशोधन करायला शिकण्यासाठी एक तरुण डॉक्टर दोन वर्षं ठेवायचा. इकडच्या चार-पाच जिल्ह्यांत मिळून एकच जागा. मी म्हटलं, बाई, तुमी तर डाक्टर हायसा, आता आनखी काय शिकायचं? त्या म्हणाल्या, प्रश्न विचारायला शिकायचंय. मला नवल वाटलं. माझ्या माहितीत सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी बाई हीच, आणि हिला सरकार दोन वर्षं प्रश्न विचारायला शिकवणार.

पण त्यांना ती जागा फार हवी होती, हे मला दिसत होतं. न मिळाली तर सरकारी दवाखान्यात नेमणूक ठरलेली. तिथं सर्दी, जुलाब आणि विंचू. सांध्यांचं शिकलेलं सगळं तिथंच विसरायचं. उमेदवार दोघंच होते, दुसरे हरी डॉक्टर, तेही नारायणरावांच्याच हाताखालचे, हसतमुख माणूस. माघ महिन्यात मुंबईहून तीन मोठे डॉक्टर येणार आणि दोघांनी आपापला एकेक पेशंट त्यांच्यासमोर उभा करायचा, असं ठरलं होतं. चारुशीलाबाईंनी मला निवडलं होतं.

मी घरी आलो आणि काळजीत पडलो.

आठ वर्षं मी परीक्षा बघितल्या होत्या. चांगला पेशंट म्हणजे काय ते माझ्याइतकं कुणाला कळत होतं? परीक्षक हात बघून खूश होतात ते हात वाईट असले तर. एकदा एक बाई सूज उतरून आली होती, तर तिला दारातूनच परत पाठवली होती आणि तिच्या उमेदवाराला आयत्या वेळी पोट दुखणारा म्हातारा दिला होता. ते पोरगं नापास झालं. आता चारुशीलाबाई मला मुंबईच्या तीन डॉक्टरांसमोर नेणार आणि दाखवणार काय, तर स्वतःच्या निऱ्या घातलेला माणूस. हरी डॉक्टरांनी तासगावकडची मनुबाई म्हणून बाई धरली होती. तिचे गुडघे मी पाहिले होते. काय गुडघे होते.

मी दादासोला विचारलं. तो म्हणाला, "जनावर परदर्शनात न्यायचं तर दोन म्हैनं आदी तयारी करावी लागती. तितं जाऊन आपून बोलायचं नसतंय, जनावरानं बोलायचं असतंय." त्याच्या डोक्यात बैल होता. माझ्या डोक्यात मी होतो.

दिवाळीनंतर पंधरवड्याला एक सुई असायची. मी ती चुकवली. मग पुढचीही. अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या बंद केल्या. चारुशीलाबाईंचं कार्ड आलं, का आला नाहीत म्हणून. मी अक्षरं उशिरा शिकलो, पन्नाशी उलटल्यावर, त्याच इस्पितळाच्या खाटेवर, एका नर्सबाईंच्या मेहेरबानीनं. त्या अक्षरांनी मी लिहिलं की ऊसतोड आली आहे, तब्येत उत्तम आहे, काळजी नसावी. लिहायला शिकल्यानंतर लिहिलेलं ते माझं पहिलं खोटं.

पण हात बिघडायला तयार नव्हते. महिना झाला तरी मूठ वळत होती. सोनं अंगात मुरलं होतं. मग मी माझ्या लेकीकडं, विजयमालाकडं, वाईला गेलो. तिला सांगितलं की महिनाभर कृष्णेवर स्नान करायचा नेम धरलाय. मार्गशीर्षातलं पाणी, सकाळची वेळ. मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसायचो आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवून धरायचो, अंगाला कापरं भरेपर्यंत. घाटावरचे भटजी चार दिवसांनी माझ्याशी आदरानं बोलायला लागले. जावई पाया पडला. राहीबाईला निरोप गेला की बाबांना देवाचा नाद लागला, तर तिनं उलट निरोप पाठवला की नाद लागला ते बरं झालं, पण काय मागतायत ते बघा.

मी मागत होतो ते मिळालं. चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळी हातातून गडू पडला. लेकीला वाटलं घसरला. मला कळलं. पुढच्या आठवड्यात मनगटं भरून आली, आणि भोगीच्या दिवशी राहीबाईनं तिळाची भाकरी वाढली तर मला ती मोडता येईना. एवढं दुखत होतं की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि पाणी येता येता मी बोटांकडं बघायचो. सुंदर दिसत होती. पहिल्यापेक्षाही.

मुलाखतीच्या दिवशी मी घोंगडी पांघरून गेलो. चारुशीलाबाई व्हरांड्यात भेटल्या, नवी कडक साडी, हातात कागद. कसे आहात म्हणाल्या. मी घोंगडीतून हात बाहेर काढले नाहीत. पाहुण्यांसमोर एकदमच उघडायचे असं ठरवून आलो होतो. मी म्हटलं, "बाई, तुमी काय बी काळजी करू नगा." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थंडीनं पांघरलंय.

आत लांब टेबल. एका बाजूला मुंबईचे तिघं, कडेला नारायणराव. मधे बसलेले पांढऱ्या केसांचे डॉक्टर मुख्य होते. चारुशीलाबाईंनी इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. मला आकडे कळत होते. सकाळचा ताठरपणा तीन तासांवरून दहा मिनिटं. मुठीचा पारा साठवरून एकशे चाळीस. अंगठीचं माप तीन घरांनी कमी. त्या अगदी शांतपणे वाचत होत्या. मला राहवत नव्हतं.

पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं आणि हात पुढं करायला सांगितलं.

मी घोंगडी टाकली.

 मी नारायणरावांकडं बघितलं; अशा वेळी ते नेहमी परीक्षकांना सांगायचे की दोन जिल्ह्यांत असे हात नाहीत. ते वर पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता. पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी रबरी पट्टी माझ्या मुठीत दिली आणि मी सगळा जीव लावून दाबली. पारा चाळिसावर थांबला. त्यांनी कागदाकडं बघितलं, पाऱ्याकडं बघितलं, आणि चारुशीलाबाईंना विचारलं, हाच माणूस ना?

बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. माझा उजवा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि एकेक पेर हलकं दाबून बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण बोटं घाबरलेली नव्हती.

"सुई कधीपासून बंद आहे, बाबा?"

 परीक्षेत पेशंटनं बोलायचं नसतं. मी पुन्हा नारायणरावांकडं बघितलं.

"त्यांच्याकडं नका बघू. मला सांगा."

"दिवाळीपास्नं."

"आणि गोळ्या?"

"त्या बी."

"का?"

"तुमास्नी जागा मिळावी म्हून," मी म्हटलं. "बऱ्या हातावर कोन जागा देतंय?"

टेबलाच्या कडेचे एक डॉक्टर हसले. दुसरे नारायणरावांना इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यांच्या सुरावरून मला कळलं की ते विचारतायत, हे पढवून आणलंय का? नारायणराव काय सांगणार? माझ्यासारखे पढलेले पेशंट त्यांनीच तर आठ वर्षं सांभाळले होते.

पांढऱ्या केसांचे डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडं ओढली आणि साध्या मराठीत विचारायला लागले. शेवटची सुई कधी. पहिल्यांदा काय बिघडलं. मग काय. मी सगळं सांगितलं. वसुबारसेला सुई, चंपाषष्ठीला गडू, त्यानंतर आठवड्यात मनगटं, भोगीला भाकरी. घाटावरच्या पाण्याचंही सांगितलं. ते प्रत्येक सणाची तारीख काढून लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जमलं.

खरंच जमलं होतं. ते चारुशीलाबाईंना म्हणाले, आणि मला कळावं म्हणून की काय, मराठीत म्हणाले, की सोनं बंद केल्यावर रोग किती दिवसांत परततो हे कुणी नीट मोजलेलं नाही. हाच तुमचा दोन वर्षांचा विषय. सोन्यानं सुधारलेले वीस लोक घ्या. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांची सुई बंद करा आणि मोजा. करणार असाल तर दुसऱ्या उमेदवाराला विचारायचीही गरज नाही.

मी बाईंकडं बघितलं. आता हो म्हणायचं फक्त राहिलं होतं.

त्या अजून माझा हात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही दोन बोटं दसऱ्याला सरळ होत आली होती. आता परत होतील की नाही, मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणूनच विचारायचं," पांढऱ्या केसांचे डॉक्टर म्हणाले. रागानं नाही, मास्तर शिकवतात तसं.

"विचारीन की. पण बरे झालेले हात बिघडवून नाही विचारणार."

"तुम्ही बिघडवणार नाही. रोग बिघडवील."

"सुई मी थांबवणार ना, सर," त्या म्हणाल्या.

यापुढं थोडं इंग्रजीत झालं. मग त्यांनी कागद गोळा केले आणि मला घेऊन बाहेर आल्या.

व्हरांड्यात मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत होतो. चार शिव्या खायची माझी तयारी होती. त्या बाकावर बसल्या आणि कागद मांडीवर ठेवले. मग विचारलं, महिनाभर रोज नदीत? मी म्हटलं, रोज, एकादशीला दोनदा. त्यांना हसू आलं. चष्मा काढून हसल्या, पदरानं डोळे पुसले, आणि पुसतच राहिल्या. मी दुसरीकडं बघितलं. आयुष्यात कुणासाठी मी एवढं सोसलं नव्हतं, आणि कुणाचं एवढं नुकसानही केलं नव्हतं, आणि दोन्ही एकच काम होतं.

शेवटी त्या उठल्या आणि लघवीची बाटली माझ्या हातात दिली. मला ती धरता येईना, म्हणून शिपायाला बरोबर पाठवलं. लघवी स्वच्छ निघाली. त्यांनी सुई दिली.

जागा हरी डॉक्टरांना मिळाली. चैत्रात ते जीप घेऊन आमच्या गावी आले, पेढे घेऊन. राहीबाईनं चहा केला. त्यांनी मला समजावून सांगितलं की वीस लोकांत माझं नाव पहिलं घातलंय. आधी सोनं देऊन पुन्हा बरं करायचं, मग चिठ्ठी टाकायची. मुंबईच्या सरांनी माझी आठवण काढली होती म्हणे. मी विचारलं, माझी चिठ्ठी कुठली निघंल? ते म्हणाले, ते कुणाच्याच हातात नाही, तोच तर त्यातला प्रामाणिकपणा आहे. मला ते पटलं. माणूस खरंच प्रामाणिक होता. पण मी नको म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी डॉक्टरला नको म्हटलं, आणि त्यांना ते इतकं अनपेक्षित होतं की त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. म्हणाले, बाबा, इतकी वर्षं इस्पितळाला तुम्ही एवढी मदत केलीत, आता शास्त्राचं काम आहे तर मागं का सरता?

 राहीबाई कपबशा उचलत होती. ती म्हणाली, "आवं डाक्टर, त्यांस्नी बरं करायला येनार आसाल तर बसा. बिगडवायला येनार आसाल तर ते त्यांचं त्ये करत्यात, कुनाची मदत लागत न्हाई."

हरी डॉक्टर मोठ्यानं हसले आणि पेढे ठेवून गेले.

चारुशीलाबाईंची नेमणूक आमच्याच बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात झाली. अंदाजाप्रमाणं सर्दी, जुलाब आणि विंचू. सोन्याच्या सुया तिथं कुठून असणार? पण हरी डॉक्टरांच्या संशोधनाला सोनं भरपूर आलं होतं आणि घेणारे लोक मिळत नव्हते. बाईंनी त्यांना पत्र लिहिलं. ते दर महिन्याला पॅसेंजरच्या गार्डाबरोबर पुडकं पाठवायला लागले. त्यामुळं जागा सांगलीला आणि सोनं रहिमतपूरला असा प्रकार दोन वर्षं चालला. दवाखान्यात हळूहळू सांधे धरलेल्या बायका यायला लागल्या, आधी दोन-तीन, मग मंगळवारी बाकही पुरेना. मीही त्या बाकावर नंबर लावून बसायचो. एकदा माझा चौदावा नंबर होता. पुढच्या तेराजणींपैकी एकीनंही माझ्या हातांकडं वळून बघितलं नाही. सगळ्यांना आपापले होते.

हरी डॉक्टरांना वीस लोक मिळायचे होते, सात मिळाले. बरं वाटायला लागलेल्या माणसानं चिठ्ठी टाकायला तयार व्हावं, हे सोपं नव्हतं. मनुबाई पहिल्याच चिठ्ठीनंतर परत आली नाही. तरी त्यांनी काम पुरं केलं आणि अठ्ठ्याहत्तर साली ते छापून आलं. एक प्रत त्यांनी चारुशीलाबाईंना पाठवली, वर स्वतःच्या हातानं आदरानं दोन ओळी लिहून. एका मंगळवारी माझी पाळी आली तेव्हा ती टेबलावर पडली होती. मी विचारलं, काय निघालं?

बाईंनी शेवटचं पान मला मराठीत सांगितलं. सोनं बंद केल्यावर बहुतेकांना पाच ते दहा आठवड्यांत रोग परततो.

म्हणजे वसुबारसेपासून मोजलं तर चंपाषष्ठी ते भोगी. मी म्हटलं, हे तर मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, तुम्ही एकटे होता, एकट्याचं चालत नाही. मी विचारलं, आणि हे सातजण? ते बरे झाले का परत? त्यांनी पान उलटून बघितलं, मागचं बघितलं, पुन्हा पुढचं. म्हणाल्या, ते यात नाही.

त्यांनी तो कागद खणात ठेवला आणि माझा उजवा हात पुढं ओढला. मनगट उतरलं होतं, मूठ बरी होती, पारा शंभरावर जात होता. ती दोन बोटं मात्र दसऱ्याला होती तशी पुन्हा झाली नाहीत. त्यांनी त्यातलं मधलं बोट धरलं आणि पेर दाबलं.

"दुखतं?"

"न्हाई."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. बाहेर बाकावर बायका ताटकळल्या होत्या.

"बाबा."

"दुखतंय," मी म्हटलं. "लय दुखतंय."

त्यांनी ते लिहून घेतलं, आणि पुढचं बोट धरलं.